गुण्याबाबांची फुली

“हे तुम्हाला पटायचं नाही,” असं बजावूनच गुण्याबाबांनी दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या कंडक्टरला धरलं. कंडक्टर घशाचा पेशंट, त्याला बोलायला मनाई. असा श्रोता नशिबानेच मिळतो.

बाबा सुतार. काटकोनाचं इतकं वेड की झोपतानाही भिंतीला समांतर झोपत. म्हणून सुताराच्या काटकोनी हत्याराचंच, गुण्याचं, नाव त्यांना चिकटलं. गाठ उगवली यकृतात आणि न विचारता खुब्याच्या हाडात बिऱ्हाड थाटून बसली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. यकृतापुढे आम्ही हात टेकले, म्हणाल्या, पण खुब्याचं दुखणं किरणांनी कमी करता येईल. पाच दिवस, रोज एकदा.

बाबांना तेवढंच पुरे होतं. घरी खिडकीची चौकट अर्धवट पडून होती आणि धाकटा मुलगा दुसरा सुतार आणायला निघाला होता. शेवटी बायकोने निवाडा दिला: पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावरून कुणालाही न धरता उठलात, तर चौकट तुमची.

आज पाचवा दिवस.

“तर तिसऱ्या दिवशी,” बाबा सांगू लागले, “किरणांसाठी खुब्यावर केलेली खूण आंघोळीत पुसली गेली. हिनेच घासली.”

“कंबर चोळ म्हणून कोण ओरडत होतं?” पलीकडे बसलेली बायको म्हणाली.

“म्हटलं, त्यात काय. कानावरची पेन्सिल काढली, थुंकी लावली आणि नवी फुली मारली. त्यांची तिरकी होती, मी काटकोनात मारली. इथे आलो तर भिंतीतून येणारी उजेडाची रेघ माझ्या फुलीला लागेना. मशीनवरची पोरगी विचारते, ‘बाबा, ही कुणी काढली?’ म्हटलं, ‘तुमची वाकडी होती, सरळ केली.’ तर म्हणते, ‘वाकडीच हवी. तुमचं हाडच तसं आहे.’”

कंडक्टर गालात हसला.

इथवर सगळं खरं होतं. पुढे पोरीने ती फुली पुसली आणि पुन्हा पुन्हा फोटो काढून मूळ जागा शोधली. अर्धा तास बाबा त्या कडक फळीवर पडून होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या मापाची भीती वाटली. पण हे कंडक्टरला कशाला सांगायचं?

“मग आमची जुंपली. शेवटी ते हत्तीएवढं यंत्र आपणहून चार बोटं सरकलं आणि माझ्या फुलीवर येऊन थांबलं. पोरगी म्हणाली, उद्यापासून सगळ्यांच्या खुणा तुम्हीच करा. गाठ आतून ऐकत होती. तिने तिथल्या तिथे बोचकं बांधलं.”

“गुण्याबाबा, चला,” दारातून पोरीची हाक आली.

बायकोने सवयीने खांदा पुढे केला. बाबांनी तो पाहिलाच नाही. तळवे स्वतःच्या मांड्यांवर रोवले, मान खाली घातली आणि उठले. खुब्यात कुणी पटाशी ठोकावी तशी कळ गेली. ते डुलले, सावरले, आणि दाराच्या चौकटीशी नजर जुळवून ताठ उभे राहिले.

“बघा,” ते कंडक्टरला म्हणाले, “त्या दिवसापासून तीळभर दुखत नाही.”

“खोटं,” बायको म्हणाली, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं. “ओठ चावून रक्त काढलंय. तोंड पुसा आधी. चौकट तुमची.”