मापाला ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, आणि माझी कहाणी सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मला स्वतःचा आवाज नाही. गाण्याचा बारीकसा आवाज तारेतून माझ्या पोटात येतो, मी तो मोठा करतो आणि स्पीकरच्या हवाली करतो. जन्मभर दुसऱ्यांचंच मोठ्यानं सांगत आलो. स्वतःचं म्हणून आज पहिल्यांदा बोलतोय, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. कारखाना आपला म्हणायचा म्हणून. माणसं दोनच, एक कारागीर आणि त्याची थोरली बहीण. ती खिडकीशी बसून ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळायची आणि वेढे मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. बाकी सगळं कारागीर करायचा. त्यानं माझ्या पुढच्या भागात काचेचे दोन व्हॉल्व्ह बसवले, जुन्या रेडिओत असायचे तसले. तापले की आत नारिंगी उजेड दिसतो. मागच्या भागात मात्र आजकालचे ट्रान्झिस्टर. व्हॉल्व्हनी आवाजाला गोडवा द्यायचा आणि ट्रान्झिस्टरनी ताकद, असा त्याचा बेत होता. अशा मिश्र यंत्राला हायब्रिड म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण खरं सांगू का, निव्वळ व्हॉल्व्हवाले मला बघून नाक मुरडायचे आणि निव्वळ ट्रान्झिस्टरवाले हसायचे. धड यांच्यात नाही, धड त्यांच्यात नाही. मला विकायला ठेवलं त्या दुकानाच्या फळीवर दोन्हीकडचे शेजारी असूनही मी एकटाच असायचो.

तिथून मला कानसेनाच्या घरी पाठवलं. हे काही त्याचं खरं नाव नव्हे, लोकांनी ठेवलेलं. बरीच वर्षं तो ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत होता, आणि निवृत्त झाल्यावर एका मासिकात गाणी ऐकायच्या यंत्रांबद्दल लिहायचा. कोणता अ‍ॅम्प्लिफायर कसा वाजतो हे तो चार ओळींत सांगायचा आणि त्या चार ओळी वाचून लोक यंत्र घ्यायचे किंवा नाही घ्यायचे. त्यामुळे आम्हा यंत्रांना त्याच्या दाराची धास्तीच असायची.

त्याची पारखायची रीत मात्र फार सरळ होती. आधी यंत्र अर्धा तास तापू द्यायचं, कारण थंड व्हॉल्व्हचा आवाज खरा नसतो. मग दोन यंत्रं शेजारी मांडायची आणि मीटर लावून दोघांचा आवाज अगदी सारखा करायचा. जरा मोठं वाजणारं यंत्र माणसाला उगाचच चांगलं वाटतं, तो ठकवणारा फरक आधी काढून टाकायचा. शेवटी आम्हाला पडद्यामागे ठेवून स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसायचं. पडद्यामागे उभी असायची त्याची बायको. दहा वेळा ती तारा बदलायची, कधी बदलल्यासारखं करून तशाच ठेवायची. त्यानं नुसतं ऐकून सांगायचं, एक की दोन. ती वहीत खूण करायची आणि शेवटी किती बरोबर आले ते सांगायची. दहापैकी नऊ तरी यायचेच. यंत्रांतला फरक असा नीट कळतोय याची खात्री पटली, की मगच तो कोणतं चांगलं ते ठरवायला बसायचा.

मला तो महिनाभर ऐकत बसला. मग लिहिलं, "या यंत्रात माणसाचा गळा खरा वाटतो." त्या एका वाक्यानं कारखान्याचं नशीब उघडलं. माझं तर काय सांगू! त्यानं मला परत पाठवलंच नाही. घरात ठेवून घेतलं आणि मापाला लावलं. म्हणजे यापुढे जे यंत्र येईल ते माझ्याशेजारी ठेवून पारखायचं. मी हुरळून गेलो. मापाला बसणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं.

यंत्रं आली आणि गेली. आठवडाभर शेजारी बसायची, ओळख व्हायच्या आत खोक्यात जायची. मी तिथंच. आणि मापाला बसलेल्याला कुणी ऐकत नाही हो, मित्रांनो. माझ्यातून वाजणारं गाणं त्याला आवडतं का, हे त्यानं मला अठरा वर्षांत कधी कळू दिलं नाही. तो फक्त फरक ऐकायचा. पडद्यामागे तीही तशीच उभी. एका हातात तार, दुसऱ्यात पेन्सिल, आणि "तुला काय वाटतं गं?" असं तिलाही कुणी विचारलं नाही. कधीकधी एखादी लकेर आली की तिची मान हलायची. ते फक्त मी पाहिलंय.

मग कधीतरी त्याला वाटायला लागलं, की माझा आवाज उतरलाय. वरचे बारीक सूर झाकल्यासारखे येतात म्हणे, कुणी माझ्यावर गोधडी टाकावी तसे. त्यानं माझे व्हॉल्व्ह बदलले. परत बदलले. तारा बदलल्या. शेवटी कारागिराला बोलावलं. बिचाऱ्यानं दिवसभर मला उघडून तपासलं, मीटर लावले आणि भीतभीत म्हणाला, की साहेब, यात काहीच बिघाड नाही. कानसेन तडकला. मीटर ऐकतो का कान ऐकतो, असं त्यानं कारागिराला विचारलं आणि विषय मिटवून टाकला. कारागीर मान खाली घालून गेला.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी ठणठणीत होतो! पण मी कुठला सांगणार? आत आलं तेवढंच बाहेर देणारा मी.

खरं काय ते त्या घरात दोघांना ठाऊक होतं, मला आणि तिला. खुर्चीतून तो "एक" म्हणायचा तेव्हा दोन वाजत असायचा. दहापैकी पाच, कधी चार. म्हणजे नुसता अंदाज. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिची पेन्सिल थांबली. तिनं पडदा जरासा सारून त्याच्याकडे बघितलं. तो डोळे मिटून, तोंडावर भलं मोठं समाधान घेऊन बसला होता. तिनं पडदा सोडला आणि म्हणाली, "नऊ." त्यानंतर दर वेळी नऊ. मला तिचा राग आला, एवढ्या मेहनतीनं आयुष्य काढलेल्या माणसाला असं खोटं कशाला सांगायचं! पण तो उठून गेल्यावरही ती पडद्यामागे तशीच उभी राहायची, ते मी पाहिलंय, म्हणून जास्त बोलत नाही.

दोन वर्षं हे असंच चाललं. मग एका सकाळी कारागीर नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. माझ्याच कारखान्याचा, माझ्यासारखाच हायब्रिड. माझा धाकटा भाऊ म्हणा ना. कानसेन आंघोळीला गेला होता. कारागिरानं खोकं दारातच खाली ठेवलं आणि हळूच तिला म्हणाला, "वहिनी, साहेबांना हे सांगू नका. ताईचा हात आता चालत नाही. हे यंत्र खपलं नाही तर आम्ही कारखान्याला कुलूप लावणार." चहालाही न थांबता तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ माझ्याशेजारी बसला. अर्धा तास आम्ही दोघं तापलो. तो वाजला आणि मी गारच पडलो. इतका स्वच्छ, इतका मोकळा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. माझ्यापेक्षा चांगला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण अभिमानही वाटला.

दहा फेऱ्या झाल्या. बरोबर आले चार. ती नेहमीसारखी म्हणाली, "नऊ."

कानसेनानं लगेच टेबलाशी बसून मत लिहिलं आणि पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं, तशी त्याची सवयच होती. लिहिलं होतं की नवं यंत्रही जुन्यासारखंच मंद आहे, वरचे सूर हरवलेत, आणि या कारागिराचा कान गेला आहे. कागद घडी करून तो पाकिटात घालायला लागला.

"अहो, हे पाठवू नका," ती म्हणाली.

तो का म्हणून विचारतोय तोवर तिनं वही आणून त्याच्यापुढे ठेवली.

"तोंडानं मी नऊ म्हटलं. लिहिलंय ते बघा."

वहीत तिला खोटं लिहिता आलं नव्हतं, मित्रांनो. त्यानं पान उलटलं. चार. मागचं पान उलटलं. पाच. मग तीन, मग पाच. तो उलटतच राहिला. खोलीत आम्हा दोघांचे व्हॉल्व्ह पेटलेले होते.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं होत आली."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बसले. आता त्या बहीणभावाचं वाईट व्हायला लागलंय. ते कुलूप लावणार आहेत."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण तो खिडकीकडे वळला. म्हणाला, "इथं खिडकीशी ओरडायची ती चिमणी हल्ली येत नाही ना?"

"रोज येते," ती म्हणाली. "आत्तासुद्धा ओरडतेय."

त्यानं मान हलवली. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण हात लावला नाही. मलाही कुणी तेव्हा बंद करून टाकावं असं वाटत होतं. इतकं वाईट मला माझ्या नावानं बोलणी खाताना वाटलं नव्हतं.

नंतर त्यानं तो कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. आणि तिला विचारलं, "तू तर सगळं ऐकत होतीस. तुला कसा वाटला हा?"

तिला आधी कळलंच नाही की आपल्यालाच विचारलंय. त्यानं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः पडद्यामागे आला. तारा लावताना त्याची इतकी धांदल झाली, की तिला खुर्चीतून सांगावं लागलं, लाल तार आधी. दहापैकी नऊ तिनं ओळखले. या वेळी खरेखुरे.

मग तिनं एकच गाणं दोघांवर परत एकदा लावायला सांगितलं. त्या वेळात मी काय म्हणत होतो ते तुम्हाला सांगतो, लाज वाटत असली तरी. मी म्हणत होतो, बाई, माझं नाव घे. अठरा वर्षं तुझ्या हाताशी होतो, तुझी मान हललेली फक्त मला माहीत आहे. माझं नाव घे.

"नवा चांगला आहे," ती म्हणाली. "जुन्यात गाणारी बाई समोर बसलेली वाटते. नव्यात ती श्वास घेते तोही ऐकू येतो."

आणि ते खरं होतं.

मासिकात तिचेच शब्द छापून आले, तिच्या नावानं. त्याखाली कानसेनानं दोन ओळी लिहिल्या, की गेल्या दोन वर्षांतली माझी मतं चुकीची होती, वाचकांनी माफ करावं, यापुढे मी लिहिणार नाही. कारखान्याला कुलूप लागलं नाही. कारागिरानं तार गुंडाळायला एक बाई ठेवली आणि बहीण शेजारी बसून तिला वेढे मोजायला शिकवते, असं तो सांगत होता. तेव्हा कानसेन त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकत नव्हता, पण बोलला.

आता मापाला भाऊ बसलाय. ती खुर्चीत बसते, कानसेन पडद्यामागे तारा बदलतो, आणि वहीत खुणा त्याच्या अक्षरात असतात. मला आतल्या खोलीत, कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय. कुणी वाईट वागलं म्हणून नव्हे. खरं सांगितलं गेलं आणि त्यात माझी जागा गेली, एवढंच. रुसून बघितलं मी, पण कपाटावर रुसणाऱ्याची समजूत काढायला कोण येतंय!

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. तुमच्या घरात कुणाचे कान, डोळे, हात थकत असतील, तर प्रेमापोटी नऊ म्हणू नका. जवळ बसून चार म्हणा. त्या बाईला दोन वर्षं लागली आणि ती दोन वर्षं तिनं पडद्यामागे एकटीनं काढली, हे मी पाहिलंय.

दुसरी मागणी माझ्यासाठी आहे. आमच्यासारखी जुनी यंत्रं नुसती पडून राहिली की आतून खराब होतात. माळ्यावर, कपाटावर असं कुणी असेल तर खाली काढा, धूळ पुसा, आणि महिन्यातून एकदा चालू करून ठेवा. अर्धा तास पुरे, व्हॉल्व्ह पेटले की आम्हाला बरं वाटतं. गाणं नाही लावलंत तरी चालेल.