दुसरा स्पेल

बेसबॉलच्या त्या कार्डाचा एक कोपरा मागे कधीतरी चहात भिजून फुगला होता आणि नेमका त्याच कोपऱ्यात तो आकडा होता – दम, तीन. शेखरने कार्ड गॅलरीतल्या उजेडाकडे धरलं. तीनच. म्हणजे हा पिचर नऊपैकी पहिले तीन डाव जीव तोडून फेकणार, चौथ्यात त्याला धाप लागणार आणि मग समोरचा त्याला धू धू धुणार. पण त्या तीन डावांत त्याचा हात धरणारा कुणी नाही... धार, नऊ. शेखरने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याला पेन्सिलीने दहापैकी दहा दिले होते. आणि छापणाऱ्या अमेरिकनांनी मात्र त्याच्या नावाखाली दोन चांदण्या देऊन त्याची बोळवण केली होती. शेजारच्या कार्डावरचा तो मठ्ठ, धार पाच, दम आठ – त्याला चार चांदण्या!

हे काही केल्या पटत नव्हतं. कारखान्याच्या टूलरूममध्ये जॉब मापात बसेना की शेखरला जेवण गोड लागत नसे, तसंच झालं होतं. तरी बरं, उद्याचा विषय त्यामुळे जरा लांब राहत होता. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची की नाही ते उद्या सांगायचं होतं. साहेब गोड बोलले होते – घ्या, गरज लागली की कंत्राटावर बोलावूच तुम्हाला. त्याच टूलरूममधल्या धनराजभाऊंना गेल्या वर्षी हेच सांगून घरी बसवलं होतं. तेव्हापासून त्यांचे कारखान्यातले सेफ्टी बूट पॉलिश करून दाराशी ठेवलेले असत... न जाणो, बोलावणं आलंच तर.

हा खेळही धनराजभाऊंचाच. त्यांच्या मुलाने, दिनेशने, अमेरिकेतून खोका पाठवला, पट, फासे आणि खेळाडूंची कार्डं. सिडकोतल्या या दोन माणसांनी उभ्या जन्मात बेसबॉल पाहिलेला नव्हता. पिचर म्हणजे आपला बोलरच, असं दिनेश फोनवर म्हणाला, आणि पुढचं सगळं दोघांनी गोल्फ क्लबच्या मैदानावरच्या क्रिकेटवरून भरून काढलं. बोलर दमला, काढला, लाँग लेगला उभा केला, पुन्हा ताजा झाला की दुसऱ्या स्पेलला आणला. दर रविवारी असंच चालत आलं होतं. नियमांचं पुस्तक बारीक इंग्रजीत होतं, ते दुसऱ्या पानापुढे कुणी उलटलं नव्हतं.

चांदण्यांचं कोडं सुटेना म्हणून आज शेखरने ते उलटलं. मधल्या एका पानावर, तळाशी, एक ओळ – बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

त्याने ती पुन्हा वाचली. मग कॅलेंडरवरच्या आपल्या गुणांकडे पाहिलं. सगळं उलटं. आपला दहावाला तीन डावांनंतर संपला, कायमचा. तो मठ्ठच खरा कामाचा. एवढं साधं कसं सुचलं नाही मला? आणि हे धनराजभाऊंना सांगायचं कसं... खेळाचं काही नाही, पण माणूस ती ओळ ऐकून घरी जाईल आणि दाराशी ते बूट दिसतील.

"अहो, भाऊ आले," मीनाने आतून सांगितलं आणि चहाचं आधण ठेवलं.

धनराजभाऊ पट मांडता मांडता गावाकडच्या, सायखेड्याच्या गप्पा सांगत होते. पुतण्या गेणू येऊन गेला म्हणे. "बूट देऊन टाकले गेणूला. शेतात वापरंल."

शेखरने मान वर केली नाही. फासे पडत राहिले. तीन डावांनंतर त्याने सवयीने आपला तो दहावाला काढला आणि आठव्या डावात, एका धावेची आघाडी असताना, हात आपोआप त्या फुगलेल्या कोपऱ्याच्या कार्डाकडे गेला. तिथेच थांबला.

"भाऊ, हा परत येऊ शकत नाही. पुस्तकात लिहिलंय."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. दिनेश बोलला होता." त्यांनी चिवड्यातला शेंगदाणा वेचला. "म्हटलं, आपल्याला कुठं अमेरिकेत जाऊन खेळायचंय."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू झाली.

"कंपनीनं बोलावलं का हो तुम्हाला, कधी?"

"नाय रे. नाय बोलावत कुणी." चहात साखर कमी आहे म्हणावं, तसं ते म्हणाले.

"मग मला दर रविवारी का म्हणता, निवृत्ती घेऊन टाक म्हणून?"

धनराजभाऊंनी फासे मुठीत घेतले, हलवले, पण टाकले नाहीत. त्यांचं लक्ष पटावर होतं.

"दुपार लय मोठी असते, शेखर."

राग यायला हवा होता. शेखरने तो शोधलासुद्धा – वर्षभर हा माणूस आपल्याला घरी बसवायला बघत होता, का, तर पटाच्या पलीकडे कुणीतरी हवं म्हणून! पण राग काही सापडला नाही. सापडली ती एक चटई, भिंतीवरचं घड्याळ, आणि घटकाघटकाने दाराकडे बघणारे धनराजभाऊ, सोमवार ते शनिवार... आणि या माणसाची आपल्याला माया आहे, हे त्याला फार उशिरा आणि फार स्पष्ट कळलं.

"आण त्याला," धनराजभाऊ हळूच म्हणाले. "इथं आपला नियम."

शेखरने कार्ड उचललं. कोपरा अंगठ्याखाली मऊ लागत होता. ते पटावर ठेवावं की खोक्यात, हे त्याला ठरवता येईना. उद्याची सकाळ इतके दिवस त्याची एकट्याची होती. आता तिच्यात धनराजभाऊंची दुपारही येऊन बसली होती.