तुम्हालाही हेच समजलं का?

आमचा पंपांचा छोटा कारखाना. पंप मी करायचो, पत्रव्यवहार ही बघायची. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चार महिने झाले.

करारावर सह्या झाल्या की ती समोरच्यांना एक साधं पत्र लिहायची. आम्हाला कराराचा अर्थ असा समजला, तुम्हालाही हेच समजलं का, कळवा. मी चिडवायचो, शिक्के बसले, आता कसली परीक्षा घेतेस? ती म्हणायची, "तुम्ही माझं अर्धंच ऐकता आणि मान डोलावता. तेही तसेच असतील."

परदेशातल्या एका कंपनीला आम्ही चाळीस पंप पाठवले. वर्षभरात त्यांचे आतले फिरणारे दांडे तडकले. माल खराब, असं ते म्हणाले. तुम्ही खारं पाणी चालवलंत, असं आमचं म्हणणं. करारात कलम होतं, की वाद झाला तर कोर्टात न जाता एका लवाद संस्थेने नेमलेल्या पंचाने तो सोडवावा. हे कलम मी एका जुन्या करारातून जसंच्या तसं उतरवलं होतं. ती संस्था मधे कधीतरी बंद पडली होती. मी चौकशीच केली नव्हती.

समोरच्यांनी तेच धरलं. संस्था नाही म्हणजे कलम नाही, आमच्या देशातल्या कोर्टात या. मला ना तिथली भाषा येते, ना तिथे खेटे घालणं झेपलं असतं. कारखान्याला कुलूपच लागलं असतं.

वाद पंचाकडेच जावा, हे मागायला आम्ही इथल्या कोर्टात गेलो. आमच्या वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, कलम लंगडं आहे. तेव्हा दोघांच्या मनात काय होतं, हे दाखवणारं काही आहे का?"

मी हिचं कपाट उघडलं. पत्राची प्रत होती, तिला टाचलेलं उत्तरही होतं. तिने लिहिलं होतं, वाद झाला तर ना तुमचं कोर्ट ना आमचं, दोघांना परका आणि पंप कळणारा माणूस निकाल देईल. उत्तरात त्यांच्या मालकांनी लिहिलं होतं, आम्हालाही हेच समजलं.

न्यायाधीशबाईंनी कलम वाचलं, पत्र वाचलं, आणि समोरच्या वकिलांना विचारलं, ठरवलेलं हॉटेल बंद निघालं तर माणसं उपाशी राहतात का? ते म्हणाले, दोघांना तेच हॉटेल हवं असेल तर? बाईंनी पत्र वर धरलं.

"यात हॉटेलचं नावच नाही. भूक मात्र दोघांनी कबूल केली आहे. संस्था बंद पडली, तुमचं ठरलेलं बंद पडलेलं नाही."

त्यांनी वाद पंचाकडे पाठवला. पंच दोघांनी मिळून निवडायचा होता.

आठवड्याने त्या कंपनीच्या मालकांचाच फोन आला, इंग्रजीत. पंचाचं नाव तुमच्या मिसेसना सुचवू द्या, आम्हाला चालेल, असं म्हणाले. ती नाही, हे मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्या कायदा शिकल्या होत्या का? मी म्हटलं, नाही, विचारायला लाजायची नाही एवढंच.

मी एका धातुतज्ज्ञांचं नाव सांगितलं. त्यांनी आमचाच माल दोनदा नापास केला होता, तेही सांगून टाकलं. मालक म्हणाले, मग तेच बरे.

सोमवारी ते तज्ज्ञ पंप उघडून बघणार आहेत.