काशीरामच्या होडीवरचा वायरलेस

“काशी रे काशी, बांगडा किती नि सुरमई कशी?”

मित्रांनो, हा आवाज धोंडूदादाचा. रोज उजाडता उजाडता तो माझ्यातून उमटायचा आणि काशीराम हसत माझं बटण दाबायचा. “आधी तुझी टोपली दाखव, दादा, मग माझी विचार!” तो आवाज थांबून आता काही वर्षं झाली. मी एक जुना वायरलेस आहे. नाटे गावच्या काशीरामच्या होडीवर माझे चांगले दिवस गेले, आणि आता त्याच्याच पडवीतल्या फळीवर जुन्या लुगड्यात अर्धवट गुंडाळलेला पडून आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. समुद्र म्हणजे काय, हे मला ठाऊकही नव्हतं. रत्नागिरीच्या बाजारातून काशीरामनं मला आणलं, त्याच दिवशी धोंडूदादानंही माझा एक जोडीदार आणला. हे दोघे सख्खे भाऊ, एकाच घरात राहणारे. दोघेही तांडेल, आपापल्या होडीचे धनी. नारळी पौर्णिमेला होडीला हार पडे, तेव्हा धोंडूदादाची बायको, सावित्रीवहिनी, मलाही हळदकुंकू लावायची. “दर्यात तूच आमचा कान हो, बाबा,” म्हणायची. केवढा फुगायचो मी! बटण दाबलं की बोलायचं, बटण सोडलं की ऐकायचं, एवढंच माझं काम. पण त्या एवढ्याशा कामावर दोन होड्या पाण्याच्या उजाड माळावर एकमेकींचा हात धरून चालायच्या.

मग ते वादळ आलं. धोंडूदादाच्या होडीचं इंजिन बंद पडलं. काशीराम हाका मारत राहिला, मी त्या हाका लाटांवरून नेत राहिलो. उत्तर येईना. माझ्यातून नुसती खरखर, खरखर. काशीरामच्या होडीतही माणसं होती. त्यांना घेऊन तो कसाबसा धक्क्याला लागला. दुसऱ्या एका होडीनं धोंडूदादाचे खलाशी आधीच उचलून आणले होते. धोंडूदादा मात्र आला नाही.

त्यानंतर माझी खरखर काशीरामला सोसवेना. त्यानं मला होडीवरून उतरवून ठेवलं. त्याचा मला राग नाही. पण काशीराम पुन्हा होडीवर गेलाच नाही. दुपारी जरा डोळा लागला तरी ओरडत उठायचा. तव्यावर मासे चरचरले तरी त्याला माझीच खरखर ऐकू यायची, तो हातातलं टाकून बाहेर पळायचा. वहिनीच्या ते ध्यानात आलं. तिनं मासे तळणंच सोडलं. रोज नुसतं कालवण. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. किती माया होती त्यात! आणि किती मुकी!

आमच्या वाडीची रीतच तशी. दर्यातून परत आलेल्याला कुणी काही विचारायचं नाही; विचारलं तर गेलेल्याच्या जिवाला शांती मिळत नाही, असं मानतात. सगळ्यांनी ती रीत पाळली. वाडीतला केरू तेवढा धक्क्यावर दात काढायचा, “काशी काय, आता खेकडा झाला! भरती दिसली की बिळात!” काशीराम ऐकून घ्यायचा. हळूहळू तो घरातून उठून जाळ्यांच्या खोपीत राहायला गेला. वहिनी ताट खोपीच्या दाराशी ठेवायची, तो मान खाली घालून उचलायचा. वादळाच्या दिवशी धक्क्यावर वहिनीनं तोंड फिरवलं होतं, तेव्हापासून तिला आपलं तोंडही बघवत नाही, अशी त्याची खात्री झाली होती. शेवटी त्यानं दूर आत, अलोरे गावात वॉचमनची नोकरी ठरवली. तिथं दर्याचा आवाज नाही.

निघायच्या दिवशी दुपारी पडवीत एक डॉक्टर आली. योगिनीताई नाव. वादळातून वाचलेल्यांच्या मनाचा अभ्यास करत ती गावोगाव फिरत होती. काशीराम निरोप घ्यायला तिथं येऊन बसला होता, पिशवी बाजूला तयारच होती.

“वादळातलं सांगू नका, काका,” ती म्हणाली. “वादळानंतर तुमच्याशी कोण काय बोललं, तेवढंच सांगा.”

काशीरामनं पिशवीचा बंद आवळला. मग हसला, पण ते हसू नव्हतं. “सगळी माणसं चांगली हो. चहा दिलानी, पेज दिलानी. शब्द तेवढा कुणी दिलान नाय.”

“याआधी असं कधी घडलं होतं?”

“बाबा पण दर्यातच गेले. मी काठावर हुतो.”

योगिनीताईनं मान हलवली. “हा आजार आहे, काका, भित्रेपणा नव्हे. त्याला उपचार आहेत. एकच वादळ कितीतरी जणांना गाठतं. काही जण सावरतात, काही जण त्या वादळातच राहतात. असं का, हेच आम्ही शोधतो. आधी बसलेला घाव असतो, मरण किती जवळून बघितलं तेही असतं. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नंतर माणूस एकटा पडला, की धोका वाढतो.”

आतल्या दाराशी वहिनी उभी होती. ताईनं वळून विचारलं, “तुम्ही काही बोललात यांच्याशी?”

“आमच्यात विचारीत नाय.”

“विचारू नका. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, तर ते सांगा.”

मित्रांनो, मला धूळ खावी लागली याचं दुःख नाही. दुःख याचं, की एवढी वर्षं त्या घरातली दोन माणसं नुसती ऐकत बसली आणि बोललं कुणीच नाही. मी फळीवरून सगळं बघत होतो, पण माझं बटण दाबणारा हात मला नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरातलं कुणी गप्प होऊन कोपऱ्यात गेलं, तर त्याला नुसतं ताट देऊ नका. त्याच्याजवळ बसा.

काशीरामनं पिशवी उचलली. पायरी उतरला. वहिनी पदर तोंडाशी धरून पडवीत आली.

“भावजी, थांबा.”

तो थांबला, पण वळला नाही.

“त्या दिवशी धक्क्यावर तुमाला उतरताना बघितलं नि माझ्या जिवाला बरं वाटलं. घरधनी गेला, आणि मला बरं कसं वाटतंय, म्हणून लाज वाटली. तोंड फिरवलं ते त्या लाजेनं. तुमी परत यायला हवे होतात, भावजी. मला हवे होतात.”