समईशेजारचं सेकोयाचं बोंड

गोपिकाबाईंनी देवापुढं पाणी सोडून नेम धरला होता, "वर्षाराणीचा आवाज कानी पडेपर्यंत मी मीठ खाणार न्हाई." तो सगळ्यात जवळून मीच ऐकला. कारण समईला खेटून मीच बसलो होतो. मी सेकोया नावाच्या उंचच उंच झाडाचं बोंड बोलतोय.

माझं माहेर अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या डोंगरात. माझी झाड-आई दोन हजार वर्षांची. तिला कवेत घ्यायला पंधरा माणसं लागतील, आणि मी तिचं लेकरू कोंबडीच्या अंड्याएवढा. बर्फ पडायला लागला की सारं रान कसं गप्प व्हायचं, ते अजून आठवतं.

आमची एक रीत तुम्हाला उलटी वाटेल. आम्ही बोंडं वीस-वीस वर्षं फांदीवर मिटून राहतो. खाली वणवा पेटला की त्या धगीनं उघडतो आणि राखेत बी सांडतो. आईची साल हातभर जाड, ती बहुतेक वणवे सोसते.

मला मात्र एका खारीनं हिरवा असतानाच कुरतडून पाडलं. ते रान एका म्हातारीचं. तिनं मला आपल्या शेजारणीच्या, वर्षाराणीच्या ओंजळीत ठेवलं. श्रावणात वर्षाराणी जालन्याला आली आणि मला आपल्या आईला, गोपिकाबाईंना देऊन परत तिकडं गेली. गोपिकाबाईंनी मला कुंकू लावलं, देवघरात बसवलं.

भादव्यात टीव्हीवर तिकडचा वणवा दिसला. वर्षाराणीचा फोन लागेना, तेव्हाच गोपिकाबाईंनी तो मिठाचा नेम धरला. तिसऱ्या दिवशी समईच्या उबेनं मी तडकलो. गोपिकाबाईंच्या हातातलं ताम्हन खाली पडलं. त्यांना तो अपशकुन वाटला. ही तर आमची बी सांडायची रीत, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण बोंडाला कुठली वाचा?

त्यांचे मालक काकासाहेब. बियाण्याच्या कंपनीत तीस वर्षं ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडून उगवण तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, "अगं, कापसाचं बोंड फुटल्यावर कोणी रडतं का? बी पिकलंय त्याचं." आणि माझं बी कागदावर मांडायला बसले. मांडता मांडता त्यांचा आकडा तीनदा चुकला.

संध्याकाळी फोन वाजला. "आई, बरी हाय मी. शाळेत आणून ठेवलंय सगळ्यांना."

गोपिकाबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मंग विचारलं, "आणि ती रानवाली म्हातारी?"

"सापडली न्हाई अजून. तिची लेक इथंच बसून राह्यली, माझ्याजवळ."

काकासाहेबांनी ताटात लोणचं वाढलं. म्हणाले, "पुरा झाला तुझा नेम." गोपिकाबाईंनी ताट मागं सारलं. "माझ्या लेकीचा आवाज आला. त्या लेकीला तिच्या आईचा यायचा हाय ना."

आज नेमाचा सातवा दिवस. मी रिकामा झालोय. माझी झाड-आई उभी आहे का, मला ठाऊक नाही. काकासाहेब रोज कागद उघडून मोड बघतात, गोपिकाबाई अळणी भाकरी खातात.

तुमच्या ताटात आज मीठ असेल. ज्याचं माणूस अजून सापडलेलं नाही, अशा कुणासाठी एक घास अळणी खा. त्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. गोपिकाबाईंनाही म्हातारीचं नाव माहीत नाही.