आधी बघून या

आई जिन्यात पडली आणि तिचं तिसऱ्या मजल्यावरचं घर एकाएकी फार उंच झालं. कमरेच्या हाडात सळई बसली. आता ती इथं एकटी राहणार नाही, एवढ्यावर दादाचं आणि माझं एकमत झालं. त्यापुढं मात्र आमची तोंडं दोन दिशांना.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. जगातला प्रत्येक प्रश्न वर-खाली जाण्याचा आहे, असं त्याचं मत. "माझ्याकडे अकरावा मजला, पण दारात लिफ्ट. दवाखाना पायाशी."

"आणि दिवसभर करेल काय ती? वर-खाली?" मी मधमाश्या पाळते. शहराबाहेर बैठं घर, मागं पेट्यांची रांग. "माझ्याकडे एकही पायरी नाही."

"तुझ्याकडे डंख आहेत."

"डंख तुझ्या जिभेलाही आहे, दादा."

आईनं जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. मुलं तिला घटनाबाई म्हणायची, कारण वर्गातली खिडकी उघडायची तरी ती सगळ्यांना हात वर करायला लावायची. आणि आम्ही तिची पोरं, तिच्याविषयी स्वयंपाकघराचं दार लोटून बोलत होतो.

तेवढ्यात मागच्या गॅलरीतून आवाज आला. लांब कुठंतरी जातं फिरावं तसा. बघते तर कपडे वाळत घालायच्या दांडीला माश्यांचा घोस लोंबत होता, पिकल्या फणसाएवढा, हळूहळू हलणारा. दादा तीन पावलं मागं गेला. आई मात्र वॉकर सरकवत दारापर्यंत आली.

"घाबरू नकोस," मी म्हणाले. "पोळ्यात दाटी झाली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते. भरलं घर नव्या राणीला ठेवते. या आता नवी जागा शोधतायत."

"म्हातारीच घर सोडते?"

"हो."

"बरी आहे पद्धत. पण जायचं कुठं ते तिला कोण सांगतं? पोरं?"

मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

माझ्या गाडीत रिकामी पेटी होती. ती खाली धरायची, दांडीला एक हिसका द्यायचा, की सगळा थवा आत. पेटी आणून मी झाकण काढलं, तशी आई म्हणाली, "थांब जरा. त्यांचं काहीतरी ठरतंय ना?"

ठरत होतंच. घोसावर काही माश्या पोट थरथरवत नाचत होत्या. सापडलेली ढोली कुठल्या दिशेला, किती लांब, ते त्या नाचून सांगतात. काहींचा नाच पाण्याच्या टाकीकडं होता, काहींचा शाळेमागच्या झाडांकडं.

"आणि राणी काय म्हणते?"

"राणी गप्प बसते. तिला कुणी विचारत नाही."

"मग मी राणी नाही," आई म्हणाली. "मी त्या नाचणाऱ्यांतली. दादा, खुर्ची आण मला."

दादानं खुर्ची आणली, उशी आणली, आणि स्वतः दाराआड उभा राहिला.

"मतमोजणी कोण करतं?" आईनं विचारलं.

"कुणीच नाही. एकीचा नाच बघून दुसरी नुसती मान डोलवत नाही. स्वतः उडत जाते, ढोली आतून चालून बघते. पटली तरच येऊन नाचते. आणि जिची जागा मागं पडते, ती हळूहळू नाचायची थांबते."

"हट्ट नाही धरत?"

"दमते आणि थांबते."

आई स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं, निसर्गात नुसती मारामारी, म्हणून माणसांना वरती दंडुकेवाला लागतो. भीतीतून राज्य जन्मतं. आणि इथं बघ. ना घर, ना दार, उघड्यावर लटकल्यात, आणि दंडुका कुणाच्याच हातात नाही."

"फार भाळू नकोस, आई. दिवस वाईट आले की यांच्यातल्या नरांना ओढून बाहेर काढतात."

"म्हणजे स्वर्ग नाही. बरं झालं. स्वर्ग म्हटलं की मला आधी दारावरचा पहारेकरी आठवतो."

दाराआड दादा हसला. आईनं त्याला तिथंच पकडलं. "तू हिच्या घरी शेवटचा कधी राहिलास रे?"

"राहिलो असं नाही. जेवून आलो होतो."

"आणि तू याच्याकडे?"

मी त्याच्या दिवाणखान्यापलीकडं कधी गेलेच नव्हते.

"मग कशाच्या जोरावर नाचताय दोघं? आधी बघून या. मीही बघते. मग बोलू."

मी पेटीवर झाकण ठेवलं. दुसऱ्या दुपारी थवा उठला आणि शाळेमागच्या झाडांकडं गेला. "फुकटचा मध गेला तुझा," दादा म्हणाला. पण तो आता गॅलरीत माझ्या शेजारी उभा होता.

आईसाठी ठरवलेल्या खोलीत मी दादाकडे राहिले. न्हाणीत आईच्या हाताच्या उंचीवर दांडा बसवलेला होता, दिव्यांची बटणं खाली आणलेली होती. इतक्या भांडणात दादा यातलं एक अक्षर बोलला नव्हता. सकाळी लिफ्टच्या दारापाशी अख्खा मजला जमून पाण्यावरून तंडत होता. मी चहाचा कप घेऊन ऐकत बसले.

दादा माझ्याकडे आला, तो दुपारी दाराबाहेरच्या ओट्यावर बसल्याबसल्या झोपला, तोंड उघडं टाकून. उठला तो चिडूनच. "तुझ्याकडे झोप लागते गं."

मग आई दोन्हीकडे राहून आली, आणि आम्ही पुन्हा तिच्यासमोर बसलो. या वेळी दार उघडं होतं.

"दादाकडेच बरं, आई," मी म्हणाले.

"छे, धाकटीकडेच," दादा म्हणाला.

आई हसली, कंबर धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अकरावा मजला. तिथं वाद घालायला माणसं आहेत. तुझ्याकडे फार निवांत वाटतं गं, बाळ. पण निवांत राहायची मला सवय नाही."

डंखाची आग जरा मागाहून येते. मी तिची वाट बघत बसले. आली, नाही असं नाही. पण सोसवेल एवढीच.

दादा उठला, आईची पुस्तकं खोक्यात भरायला लागला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आईच्या खोलीत दुसरा पलंग मावतो, धाकटे. मी मोजून आलोय."