काळी पडलेली जोडवी

मंगळवार. धामणवाडीच्या देवळात पाय ठेवायला जागा नाही. सगळ्या बायकाच, आणि प्रत्येकीच्या मुठीत स्वतःची जोडवी. सवाष्ण बाई जोडवी काढत नाही, पण काळी ठिक्कर पडलेली जोडवी पायात ठेवणार तरी कशी? दोन महिन्यांत अर्ध्या वाडीची चांदी काळी झाली होती, आणि लवू बुवानं अर्थ सांगून टाकला होता. जोडवी काळी, म्हणजे करणी घरधन्यावर.

बुवापुढे ॲल्युमिनियमचा टोप. आत वाफाळतं तीर्थ.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकींच्या कुंकवावर कोणी वाकडी नजर टाकली असंल..."

"व्हय म्हाराजा!"

"ती ह्या टोपात उतरू दे, बुडू दे, विरून जाऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

कमळानं जोडवी टोपात सोडली. तिचा नवरा केरू मागं उभा राहून मान लांबवून बघत होता. बुवा थोडा वेळ पुटपुटला, मग पळीनं जोडवी वर काढली. पांढरीशुभ्र! सोनाराकडून आत्ताच आणल्यासारखी. आणि टोपातून कुजक्या अंड्याचा वास.

"वास आला? ही करणी निघाली! देवाची वस्तू काय अशी घाण मारते?"

बायकांनी हात जोडले. कमळाला मात्र खोकल्याची उबळ आली. दम्याची बाई ती.

"पंप ओढतेस?" बुवानं विचारलं.

"दोन टायमाला. डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरला करणी दिसते काय? पंप म्हणजे वारा. वारा आत ओढलास की करणी त्याच्यासंगं परत घरात. सात मंगळवार बंद. नवरा हवा ना?"

नवरा हवा होता. कमळानं मान हलवली.

वाटेत केरू म्हणाला, "मला काय धाड भरलीय? चार भाकऱ्या खातो मी."

"गप बसा," ती धापा टाकत म्हणाली. "असलं तोंडातून काढू नका."

केरू हसला. बायको आपल्यासाठी व्रत करते म्हणून त्याला जरा बरंही वाटलं. हे त्यानं नंतर कबूल केलं.

खरं तर तो वास वाडीला नवा नव्हता. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, केमिकलच्या कंपन्या. पहाटे वारा पडला की वास उतारानं खाली यायचा आणि घराघरांत बसायचा. डोळे चुरचुरायचे, पोरं ओकायची. वाडीतलीच वैष्णवी हायस्कूलला विज्ञान शिकवायची. तिनं तक्रार केली म्हणून प्रदूषण मंडळाचा एक साहेब चौकशीला आला. आला तोही भर दुपारी, वारा सुटलेला असताना.

"वासाचा त्रास होतो का?"

"वास करणीचा हाय, साहेब," बायका म्हणाल्या. "बुवा काढतायत."

साहेबानं वहीत लिहिलं, तक्रार नाही. वहीत कमळाचाही अंगठा उठला.

सहा मंगळवार झाले. सातव्याच्या आदल्या दिवशी पहाटे वास असा उतरला की कुत्री विव्हळायला लागली. कमळा अंथरुणात उठून बसली. खांदे वर, तोंड उघडं, हवा काही आत जाईना. केरूनं फडताळातला पंप काढला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ मिटले.

"उद्या... शेवटचा... तुमच्यावर येईल..."

"येऊ दे माझ्यावर! ओढ, कमळे!"

तिनं मान फिरवली. रिक्षा घाटी चढून येईपर्यंत ती केरूच्या खांद्यावर गार झाली होती. पंप त्याच्या हातातच राहिला.

बारावं झालं. चितेवर ठेवताना काढलेली तिची पांढरी जोडवी केरूनं देव्हाऱ्यात ठेवली होती. बघतो तर पुन्हा काळी! तो तडक बुवाकडं गेला.

"सात पुरे झाले नाहीत," बुवा म्हणाला. "तुझ्यावरचं तिनं अंगावर घेतलं. आता सात तू कर."

केरू घरी आला, पण डोकं चालायचं थांबेना. करणी घरधन्यावर, मग मेली कमळा कशी? आणि घासायला पाय नाही, घाम नाही, माणूसच नाही, तर चांदी काळी कोणी केली?

तो वैष्णवीकडं गेला. तिनं जोडवी साफ करून त्याच्या हातात दिली.

"काका, एक घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. एक खिडकीत."

आठ दिवसांनी खिडकीतलं काळं झालं. बरणीतलं पांढरं. एकाच बाईची जोडवी. केरू भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मंगळवारी वैष्णवी देवळात गेली, संगं केरू. तिनं सगळ्यांसमोर ॲल्युमिनियमच्या टोपात गरम पाणी ओतलं, मीठ टाकलं, खायचा सोडा टाकला. मंत्र एकही नाही. काळं जोडवं आत सोडलं. थोड्या वेळात पांढरं. वासही तोच.

"बुवा, आता तुम्ही करा," तिनं दुसरा टोप पुढं सरकवला. "फक्त हा स्टीलचा हाय."

"स्टीलला देव धरत नाय!" बुवा ओरडला. पण आवाज फाटला होता, आणि पिशवी तो आधीच भरायला लागला होता.

"देव नाय, ॲल्युमिनियम," वैष्णवी म्हणाली. "कंपनीच्या हवेत गंधकाचा वायू हाय. तो चांदीला काळं करतो. गरम सोड्यात ॲल्युमिनियम तो गंधक ओढून घेतं, म्हणून चांदी पांढरी होते नि थोडा वायू वर येतो. पहाटे घरात येतो तोच वास. चांदीवर बसतो तसा तो तुमच्या छातीतही जातो. तो कुठल्या टोपात घालून काढणार?"

केरू पुढं झाला. त्याला बोलायची सवय नव्हती.

"माझ्यासारखं करू नका. औषध बंद करा म्हणणारा कोणी असू दे, त्याला विचारा, का? पुरावा मागा. नाय दिला तर उठून या. आणि साहेब परत आला की वासाच्या टायमाला पहाटे बोलवा, सगळ्यांनी मिळून सांगा. चांदी काळी कोण करतंय ते त्याला लिहू दे."

मागून शेजारची विमला रडवेल्या आवाजात म्हणाली, "मग भावोजी, कमळावयनीला झालं काय होतं?"

केरू तिच्याकडं वळला.

"दम लागला होता, विमला. पंप हवा होता. एवढंच होतं."